काढून टाकलेला श्वास

“याचा श्वास कुठे गेला रे?” फौजदारने विचारलं, आणि कीबोर्डवरची एडिटरची बोटं जागच्या जागी थांबली.

फौजदार म्हणजे त्यांच्या छोट्याशा शहर-वाहिनीची शोधपत्रकार. समोरच्याच्या तोंडून उत्तर काढल्याशिवाय ही बाई खुर्ची सोडत नाही, म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिनेही ते खांद्यावरच्या फितीसारखं मिरवलं होतं. तो एडिटर. ती चित्रण घेऊन यायची, तो कापायचा. बिनखिडकीच्या त्या खोलीत दोघांनी मिळून शहरातल्या किती अर्धवट पुलांचा, किती कोरड्या अग्निशामक नळांचा आणि बंद पडलेल्या किती लिफ्टचा पंचनामा केला होता, कोण जाणे. आता पडद्यावर बस-तळाखालच्या भुयारी मार्गाच्या फरशीवर आडवा पडलेला एक माणूस डोळे उघडत होता. ओळख लपवायला त्याच्या चेहऱ्यावर धुरकट ठिपका बसवायचं काम अजून बाकी होतं, त्यामुळे चेहरा उघडाच होता. ओठ विलगत होते, छाती वर येत होती. मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं, वरून गेलेल्या बसचा हादरासुद्धा ऐकू येत होता. श्वास तेवढा नव्हता. एखाद्या मूक बाहुलीसारखा तो माणूस जिवंत होत होता.

“कापलास?”

“हात गेला,” तो म्हणाला.

“हात गेला म्हणजे?”

“सवयीने.”

फौजदारने कपाळावर हात मारला. “अरे, सबंध बातमीत ऐकण्यासारखी तीच एक गोष्ट होती! उद्या मला कापशील सवयीने.”

“तुला रोजच कापतो,” तो म्हणाला. एरवी ती हसली असती. आज हसली नाही. बातमी संध्याकाळी सहाला जायची होती.

पण तो म्हणाला ते खरंच होतं. बोलणारा माणूस दोन वाक्यांच्या मधे श्वास घेतो, आणि पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या रेघेत त्या श्वासाचा एक बारीकसा उंचवटा दिसतो, गादीखाली पेन्सिल राहिल्यासारखा. तेवढा उंचवटा निवडायचा, एक बटण दाबायचं, खलास. बातमीला दम लागता कामा नये, असं साहेबांनी त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो दिवसभर लोकांचे श्वास काढून टाकत आला होता. कोणाचा श्वास कसा, हे त्याला तोंडाकडे न बघता कळायचं. फौजदारचा लांब आणि भांडखोर. सातच्या बातम्या देणाऱ्या मुलीचा तुटक, जिना चढून आल्यासारखा. खुद्द साहेबांचा शिट्टी वाजवणारा. हे सगळे श्वास कुठे जातात, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. केस कापणाऱ्याला खाली पडलेल्या केसांबद्दल पडत नाही, तसाच. आज मात्र त्या माणसाची छाती आवाजाशिवाय वर आलेली पाहिली आणि तो प्रश्न पडला. त्याने चित्रण मागे नेलं, काढलेलं सगळं परत आणलं, आणि कानांवर हेडफोन घट्ट दाबून पहिल्यापासून ऐकायला बसला.

फौजदार आणि कॅमेरावाला लंबू खरं तर गेले होते एका कुलपासाठी. भुयारी मार्गाच्या टोकाला संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा होता, गजांचा, रस्त्यावर उघडणारा. आडोशाला नशा करणारे येऊन बसतात म्हणून त्याला साखळी घालून कुलूप ठोकलं होतं, आणि वर पाटी लावली होती: प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. नशा करणारे काही गेले नव्हते. ते मुख्य तोंडाने येऊन त्याच आडोशाला बसत होते. आता तिथून बाहेर मात्र कोणालाच पडता येत नव्हतं. लंबूने रस्त्याच्या बाजूला कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं होतं आणि कुलपाचं चित्रण घेत होता. तेवढ्यात गजांच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, भिंतीला टेकलेला एक माणूस घसरून खाली आला. फौजदारने आवाज घ्यायला गजांमधून आत धरलेला माइक तिच्या हातून सुटला आणि त्या माणसाच्या डोक्याशी जाऊन पडला. मग फौजदार रुग्णवाहिकेला फोन करत होती, लंबू साखळी हिसकत होता, आणि कॅमेऱ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कॅमेरा आपला एकटाच, कोणाचा हात नसताना, जे समोर होतं ते पाहत राहिला. म्हणूनच ते चित्रण एडिटरला आजवर पाहिलेल्या कुठल्याही चित्रणासारखं वाटत नव्हतं. त्यात कोणी कोणाला काही दाखवत नव्हतं.

आतून एक बाई आली. अंगावर पुरुषी जाकीट, पायात एकच चप्पल. ती त्या माणसाशेजारी बसली, किंवा कोसळली, आणि त्याच्या थोबाडीत मारून म्हणाली, “ए मेल्या, ऊठ. ऊठ म्हणते ना.” तो उठला नाही. मग तिने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडावर तोंड टेकलं. वर मान काढून श्वास घ्यायची, त्याच्या आत सोडायची, आणि मधल्या जागेत शिव्या द्यायची. “मला एकटीला टाकून चाललास होय? माझी चप्पल कोण आणून देणार, तुझा बाप?” श्वास. “घे. फुकट देतेय, घे.” श्वास. तिचे हात इतके थरथरत होते की नाक पुन्हा पुन्हा चिमटीतून निसटत होतं आणि ती पुन्हा पुन्हा धरत होती. रुग्णवाहिका आली ती कुलपाच्या अलीकडे, रस्त्यावर. पांढऱ्या कपड्यातले दोघे गजांपर्यंत धावत आले आणि थांबले. दोन हातांवर माणूस, आणि मधे साखळी. त्यातला एक ओरडला, “वळसा घालून येतो, तोवर सोडू नका!” ती मान वर न करता म्हणाली, “सोडतेय कोण.”

हे सगळं त्याने पहिल्यांदा कापलं तेव्हाही पाहिलं होतं. पण तेव्हा तो लांबी पाहत होता. कुठे घ्यायचं, कुठे सोडायचं. आता तो नुसतं ऐकत होता. तिचा प्रत्येक श्वास रेघेत उमटला होता, त्याच बारीक उंचवट्यांच्या रूपात, आणि पहिल्या वेळी त्याच्या हाताने त्यातले बरेच साफ करून टाकले होते. एक माणूस आपली हवा दुसऱ्याच्या आत ओतत होता, आणि याचं बोट बटणावर होतं.

मग पेच आला. त्या माणसाचा स्वतःचा श्वास कोणता? सुरुवातीलाच एक मोठा आवाज होता, घोरल्यासारखा, खोल. त्यानंतर पुष्कळ वेळ नुसतीच ती बाई. आणि शेवटाकडे काहीतरी बारीक, आहे की नाही असं.

“तो मोठा घे,” फौजदार दारातून म्हणाली. “दणदणीत आहे. मी लिहिलंय, ‘आणि तो परतला’. त्याच्यावर लाव. बाईच्या शिव्यांनंतर बसव.”

“तो आधीचा आहे.”

“कोणाला कळतंय?”

ती गेली. तो मोठा आवाज त्याने उचलला, शेवटी आणून बसवला, आणि ऐकला. उत्तम बसला होता. आजवर अशा किती गोष्टी मागच्या पुढे केल्या होत्या, बातमी खोटी न होता जास्त खरी वाटायला लागेल इतपत. पण त्या घोरण्यात त्याला ओळखीचं काहीतरी लागत होतं, आणि काय ते उमगत नव्हतं. त्याने फोन उचलला आणि घरी लावला.

घरी ताई होती. ताई त्याच्याहून बरीच मोठी, आणि आयुष्यभर परिचारिका. शिकत होती तेव्हा सरावासाठी रुग्ण म्हणून घरात तोच हाताशी असायचा. फरशीवर झोपवून त्याला नखशिखान्त पट्ट्या बांधायची, आणि आई जेवायला हाक मारायची तेव्हा हा गाठोड्यासारखा सरपटत जायचा. नाडी कशी बघायची ते तिने शिकवलं होतं. थंड नळ्या कानात घालून तिने त्याला स्वतःची छाती ऐकवली होती, आणि आपल्या आत हे एवढं चालू असतं नि आपल्याला पत्ता नसतो, या आश्चर्याने तो त्या रात्री झोपला नव्हता. त्याच ताईची पाठ रुग्ण उचलून उचलून गेली. दुखणं थांबायला ती वॉर्डातली उरलेली इंजेक्शनं घ्यायला लागली. आणि पुढे दुखणं थांबलं तरी इंजेक्शनं थांबली नाहीत. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, उपचार केंद्र झालं, आणि ती त्याच्याकडे राहायला आली. लक्ष ठेवा, असं केंद्रातल्या समुपदेशकांनी सांगितलं होतं. लक्ष ठेवायला तो घरी नसायचा. म्हणून रोज कामावर निघताना तो बाहेरून कुलूप लावायचा. या गोष्टीवर दोघांत कधी एक अक्षर झालं नव्हतं. तो किल्ली फिरवायचा, ती आत ऐकायची, आणि संध्याकाळी दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत जेवायची. दिवसातून एकदा तो फोन करायचा. जेवलीस का? हो. गोळी घेतलीस का? हो. संपलं.

“हो, जेवले,” ताईने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं. “गोळीही घेतली.”

“ते नाही. ताई, एक ऐकशील? कामाचं आहे.”

“माझ्याकडे? काम?”

त्याने काय आहे ते थोडक्यात सांगितलं, फोन स्पीकरला लावला, आणि तो मोठा आवाज सोडला.

आपण हे काय करून बसलो, असं त्याला झालं. जिला यातून ओढून काढलं तिलाच आपण हे ऐकवतोय, आणि आत कोंडलेल्या अवस्थेत ऐकवतोय. “ताई?”

“परत लाव.”

त्याने परत लावला.

“हा श्वास नाही,” ती म्हणाली. आणि तो चपापला, कारण हा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. हा वॉर्डातला आवाज होता, सपाट, पलंगावरच्या माणसाला धीर देणारा आणि नातेवाइकांना दाराबाहेर काढणारा. “ही घरघर आहे. माणूस निघालेला असतो तेव्हाची. बाहेरच्याला वाटतं घोरतोय. हिला श्वास म्हणू नकोस, छोट्या. पुढे चल.”

तो पुढे गेला. बाईचे श्वास. शिव्या. ताई मधेच हसली, “तोंड बघा हिचं.” मग, “पुढे. अजून. अजून. थांब! मागे घे थोडं. हं. ऐकलास?”

“नाही.”

“बारीक आहे. नाकातून. तिने मान काढल्यावर, तिच्या पुढच्या श्वासाच्या आधी. हा त्याचा. हा त्याने स्वतः घेतला.”

आणि त्याने ऐकला. पानावर पान सरकावं इतका. रेघेत त्याचा उंचवटा इतका नगण्य होता, की जगातल्या कुठल्याही एडिटरने तो कचरा म्हणून पुसून टाकला असता. त्याने स्वतः पुसला होता.

“कोण फुंकतंय ते?” ताईने विचारलं.

“तिथलीच आहे. त्यांच्यातलीच एक.”

“त्यांच्यातली,” ताई म्हणाली. त्याने जीभ चावली. पण ती लगेच पुढे म्हणाली, “बरं, ठेव आता. तुमच्या बातमीला दम लागेल.”

फोन बंद झाला. तो हेडफोन काढून तसाच बसून राहिला, कारण ते ओळखीचं काय होतं ते आता समोर येऊन उभं होतं. ताईच्या क्वार्टरमधलं न्हाणीघर. बंद दार. आतून तेच घोरणं. बिचारी दमून तिथेच झोपली वाटतं, असं म्हणून तो चहा टाकायला गेला होता. पाणी उकळायला लागलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घोरणं थांबलंय. मग दार फोडणं, शेजारी, निळसर पडलेले ओठ, कोणाचे तरी हात, कोणी तरी त्याला धरून जिन्यात बसवलेलं. नंतर कोणी तरी येऊन सांगितलं, वाचली. वाचली हा शब्द त्याने तेव्हा तार घ्यावी तसा घेतला होता आणि घडी करून ठेवून दिला होता. त्या शब्दाच्या आत कोणाच्या तरी तोंडचे श्वास होते, कोणी तरी हनुवटी वर उचलली होती, आणि ताईनेही कधीतरी, नाकातून, पानावर पान सरकावं इतका एक श्वास स्वतः घेतला होता. तो श्वास कोणी ऐकला असेल? त्याने पडद्यावरचं चित्रण कणाकणाने, एकेक चित्र करत, पुढे सरकवायला सुरुवात केली. या चित्रात माणूस अजून परतलेला नाही. या चित्रातही नाही. पुढच्या कुठल्या तरी चित्रात आहे. पण नेमकं कुठल्या? त्याचं सगळं कामच हे होतं, काप कुठे घ्यायचा ते शोधणं. कितीही सूक्ष्म जागा असो, तो शोधायचाच. ही सापडत नव्हती. नसणं आणि असणं यांच्यामधे सुरी घालायला फटच नव्हती. तो मागे गेला, पुढे गेला, पुन्हा मागे गेला, आणि प्रत्येक वेळी तो माणूस त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला न दिसता, परत आला. त्याचे डोळे भरून आले. दुःखाने नव्हे. लहानपणी त्या थंड नळ्यांतून स्वतःचं काळीज ऐकलं होतं, तेव्हा आले होते तसे.

त्याने मोठा आवाज होता तिथे परत नेऊन ठेवला. बाईचा एकही श्वास काढला नाही. दोघांच्या चेहऱ्यांवर धुरकट ठिपके बसवले, तिची बोटं तेवढी उघडी ठेवून. फौजदारने येऊन पाहिलं, “शेवटी काही ऐकूच येत नाही रे,” म्हणाली, मग पुन्हा पाहिलं, आणि या वेळी खुर्चीवर बसली. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिने आपल्या मजकुरातलं ‘आणि तो परतला’ हे वाक्य खोडलं. “गप्प बसते मी तिथे,” ती म्हणाली. तिला गप्प बसलेलं ऑफिसने प्रथमच पाहिलं.

बातमी सहाला गेली. सव्वासहाला साहेब शिट्टी वाजवणारा श्वास घेत धावत आले. “दणका! दणका! बस-तळाच्या अधिकाऱ्याचा फोन आला, आत्ताच्या आत्ता कुलूप काढतोय म्हणाला. पडद्यावर पाटी कर: आमच्या बातमीचा दणका. आणि कुलपाचा क्लोज-अप टाक, छान गंजलंय ते.” त्याने पाटी केली. लाल अक्षरं, मागून वीज चमकून जाते ती. कुलूप पडदाभर मोठं केलं. तो दणक्याचा धडाम आवाज बसवत होता आणि खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. या खोलीत त्याने बंद दारांच्या किती बातम्या कापल्या होत्या. कोंडून जळालेली गोदामं, साखळ्या घातलेले जिने. प्रत्येक वेळी तो चडफडला होता, आणि एकाही वेळी त्याला घरचं दार आठवलं नव्हतं. कारण तिथे पाटी नव्हती, एवढंच.

घरी पोचला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्याने दार उघडलं. ताई टीव्हीसमोर बसली होती, आवाज बंद करून.

“पाहिलंस?” त्याने विचारलं.

“पाहिलं. तिचे सगळे श्वास ठेवलेस.” मग म्हणाली, “हनुवटी कशी उचलली पाहिलंस? दोन बोटांनी, हाडावर. मऊ भागाला हात न लावता. ते कोणी शिकवल्याशिवाय येत नाही. आमच्यातली आहे ती.”

“म्हणजे परिचारिका?”

“दोन्ही,” ताई म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. इतके महिने त्याने तिला पाहिलं होतं ते पहारेकऱ्याने पाहावं तसं. डोळ्यांच्या बाहुल्या, बाह्या, हात. तिच्या चेहऱ्यावर तोच धुरकट ठिपका बसवून तो घरात वावरत होता. आता तो ठिपका नव्हता आणि समोर एक म्हातारी होत चाललेली, थकलेली, त्याला अजिबात ठाऊक नसलेल्या ठिकाणी जाऊन आलेली बाई बसली होती. तिथून येणं म्हणजे काय, ते त्याने आज कणाकणाने पाहिलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. ती मात्र ते करून इथे बसली होती, पायावर पाय टाकून.

“जरा खाली जाऊन येते,” ती म्हणाली. सहज म्हणाली, पण म्हणताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मी येऊ?”

“नको.”

खाली रस्ता होता. रस्त्याच्या टोकाला बसचा थांबा होता. भुयारी मार्ग तिथून फार लांब नव्हता, आणि ताईच्या इतर ओळखीच्या जागाही. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. हो म्हणायलाही. तो दारातून बाजूला सरकला, बस्स. तिने कपाटाच्या तळातून आपले बूट काढले, त्यांवरची धूळ झटकली, एक पाय घातला, दुसरा घालताना भिंतीला धरलं. “घट्ट झालेत मेले,” ती म्हणाली, आणि गेली.

तो खिडकीशी आला. ती फाटकातून बाहेर पडली आणि तिथेच थांबली. खेळून परतणारी मुलं तिला वळसा घालून गेली, एक सायकलवाला घंटी वाजवून गेला. ती हलली नाही. मग तिचे खांदे सावकाश वर गेले आणि खाली आले. एवढ्या उंचीवरून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ती चालू लागली, आधी चाचपडत, मग वॉर्डात चालायची तशी झपाझप, आणि कोपऱ्यावर वळली. दिसेनाशी झाली.

कोपरा रिकामा राहिला. आता ती परत दिसेपर्यंतचा वेळ होता, आणि त्याच्या हाताखाली कुठलंही बटण नव्हतं. सगळा वेळ होता तसाच, क्षणामागून क्षण, यायचा होता. तो खिडकीत उभा राहिला. मागे दार उघडं होतं. जिन्यातून वर येणारा वारा खोलीभर फिरला आणि टेबलावरचं वर्तमानपत्र पान पान करून उलटू लागला.